जीनच्या खिशाची गोष्ट



आज एका पँटीबद्दल बोलू. निळी, जाडजूड, खिशाच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या टिकल्या ठोकलेली. तुमच्या दांडीवर अशी एक तरी वाळत असेल. पोराची असेल, जावयाची असेल, नाहीतर कॉलेजला जाणाऱ्या लेकीची. ओली झाली की ती किती जड होते आणि पिळताना मनगट कसं भरून येतं, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. लेकीनं ती घालावी की नाही यावरून किती घरांत अबोला धरला गेलाय, तेही सांगायला नको. आजी म्हणते, बाप्यांचं कापड. शेजारीण म्हणते, फॅशन. दोघींचं थोडं थोडं खरं आहे. पण ही पँट मुळात कुणाच्या सांगण्यावरून शिवली गेली आणि बाईच्या अंगावर यायला तिला किती वर्षं लागली, ते ऐकलं तर दोघीही थोड्या थांबतील.

गोष्ट अमेरिकेतली आहे, १८७०-७१ च्या हिवाळ्यातली. नेवाडा राज्यात रीनो नावाचं गाव. रेल्वे आली म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी वसलेलं. तिथे जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. मूळचा युरोपातल्या रीगा शहराचा. हा काही सुटाबुटाचा शिंपी नव्हे. तंबू, गाड्यांची ताडपत्री, घोड्यांच्या पाठीवरच्या झुली असलं जाड काम तो करायचा. एक दिवस त्याच्याकडे एक बाई आली. तिचा नवरा लाकूडतोड्या, अंगानं फार मोठा, आणि त्याच्या अंगावर पँट टिकत नव्हती. बाईनं सांगितलं, फाटणार नाही अशी शिवून द्या, आणि ३ डॉलर आगाऊ मोजले.

डेव्हिसनं पांढरट रंगाचं जाड सुती कापड घेतलं. पँट शिवून झाली. मग तो विचार करत बसला असेल की ही फाटते कुठे? ज्या बायका घरात ठिगळं लावतात त्यांना याचं उत्तर पाठ असतं. पँट फाटते खिशाच्या कोपऱ्याला. हात घातला, हत्यार कोंबलं, वाकलं, की तिथला टाका सुटतो. टेबलावर तांब्याचे रिव्हेट पडलेले होते, घोड्याच्या झुलीला पट्टे पक्के करायला वापरायचे ते. डेव्हिसनं तेच उचलले आणि खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. एवढीच युक्ती. पुढच्या दीड वर्षात आसपासचे कामगार तशीच पँट मागायला लागले आणि त्याला शिवणं पुरेना.

या युक्तीवर आपला हक्क राहावा, दुसऱ्या कुणी नक्कल करू नये, म्हणून सरकारकडून पेटंट घ्यायचं असतं. त्याला ६८ डॉलर लागणार होते. डेव्हिसकडे तेवढे वरचे पैसे नव्हते. तो ज्या व्यापाऱ्याकडून उधारीवर कापड आणायचा त्याला त्यानं १८७२ मध्ये पत्र धाडलं, की खर्च तुम्ही करा, धंदा आपण दोघं करू. तो व्यापारी म्हणजे सॅन फ्रान्सिस्को शहरातला लिव्हाय स्ट्रॉस. जर्मनीतल्या बव्हेरियात जन्मलेला, १८५३ पासून सॅन फ्रान्सिस्कोत कापडाचा घाऊक व्यापार करणारा. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळालं. आज 'लिव्हाइस' म्हणून जो शिक्का पँटीच्या मागे दिसतो, तो त्याच माणसाच्या नावाचा.

तुम्ही कुठेतरी वेगळी गोष्ट ऐकली असेल. सोन्याच्या खाणीत तंबूचं कापड विकायला गेलेल्या लिव्हायनं तंबू फाडून पँटी शिवल्या, अशी ती गोष्ट आहे. छान आहे, पण खरी नाही. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठा भूकंप झाला, आग लागली, कंपनीची कागदपत्रं जळाली. कागद नसले की गोष्टी वाढतात. आपल्या गावातही जुने दप्तर जळालं की जमिनीच्या गोष्टी कशा वाढतात, तसंच. या वाढीव गोष्टीत शिंपी मागे पडला, आणि पैसे मोजून 'फाटणार नाही अशी द्या' म्हणणारी बाई तर साफच गेली. जिथे खरी गोष्ट सांगतात तिथेही ती बहुतेक वेळा लाकूडतोड्याची बायको एवढीच असते.

डेव्हिस सॅन फ्रान्सिस्कोला राहायला आला आणि शिलाईवर देखरेख करू लागला. सुरुवातीला कापड बेतून बायकांच्या घरी शिवायला दिलं जायचं. मागणी वाढली तेव्हा कारखाना काढला, आणि तिथेही मशीनवर बायका. म्हणजे पँट पुरुषांची, घालणारे खाणकामगार, गुराखी, सुतार, आणि टीप मारणारे हात बायकांचे. घरी कपडे नेऊन नगावर मजुरी घेणाऱ्या आपल्यातल्या बहिणींना हे वेगळं वाटणार नाही.

एक काळी बाजूही सांगून ठेवतो. त्या काळी कॅलिफोर्नियात चिनी मजुरांबद्दल फार द्वेष होता. १८८२ मध्ये तर चिनी मजुरांना देशात येऊ न देण्याचा कायदाच झाला. त्या दिवसांतल्या या कंपनीच्या पँटींच्या आत, खिशाच्या कापडावर, माल फक्त गोऱ्या कामगारांच्या हातचा आहे अशी जाहिरात छापलेली असायची. १८९० च्या दशकात ती गेली. पण कापड टिकाऊ असलं की त्यावरची अक्षरंही टिकतात. तशी एक जुनी पँट एका बंद खाणीत सापडली आणि २०२२ मध्ये लिलावात ७६ हजार डॉलरच्या वर गेली. बोली लावणाऱ्यांनी ती अक्षरं वाचूनच बोली लावली असणार. शिक्का, नाव, टिकाऊपणा हे सगळं अभिमानानं सांगतात. कुणाला कामावर घेतलं नाही, तेही त्याच खिशात छापलेलं होतं.

आता कापडाकडे येऊ, कारण इथे आपला आणि या पँटीचा धागा जुळतो. डेनिम विणताना उभा ताणा निळीत बुडवलेला असतो आणि आडवा बाणा पांढरा. म्हणून जीन बाहेरून निळी आणि उलटी केली की पांढरट दिसते. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत मुरत नाही, वरवर बसते. घासलं की उडते, म्हणून गुडघे पांढरे पडतात. आज जिला 'फेडेड' म्हणून जास्त पैसे देतात ती खरं तर नीळ उडालेली पँट.

कारखान्यात तयार होणारी नीळ जर्मनांनी बाजारात आणली १८९७ मध्ये. त्याच्या आधी नीळ झाडापासून निघायची आणि जगाच्या बाजारातली फार मोठी नीळ बंगाल-बिहारातून जायची. तिथे शेतकऱ्यांना भात सोडून नीळ लावायची सक्ती होती. १८५९ मध्ये बंगालात शेतकरी उठले, आणि १९१७ मध्ये चंपारणला गांधीजी गेले ते निळीच्याच प्रश्नावर. शाळेच्या पुस्तकात आपण हे शिकलो, फक्त ती नीळ पुढे कुणाच्या अंगावर गेली ते शिकलो नाही.

आणि एक शब्द. इंग्रजीत जाड्या कामाच्या पँटीला 'डंगरी' म्हणतात. आपण लहान मुलांच्या खांद्यावर पट्टे असलेल्या कपड्याला म्हणतो तेच. कोशकार सांगतात की हा शब्द हिंदुस्थानातला, आणि त्याचा संबंध मुंबईतल्या डोंगरीशी लावतात. तिथे जाडंभरडं सुती कापड विकलं जायचं, ते जहाजावरचे खलाशी घ्यायचे. म्हणजे गोऱ्या साहेबाच्या भाषेत जो कामगाराचा कपडा, त्याच्या नावात आपली डोंगरी बसलेली आहे. 'जीन आपल्या संस्कृतीतली नाही' असं कुणी म्हणालं तर एवढं जरूर सांगा. वाद संपणार नाही, पण चहा होईपर्यंत शांतता मिळेल.

बायकांचं काय? पेटंट १८७३ चं. त्यानंतर कितीतरी वर्षं कंपनीचा माल पुरुषांसाठीच. १९१२ मध्ये लहान मुलांसाठी अंगभर कपडा काढला, मातीत खेळायला. मग १९१८ मध्ये पहिल्यांदा बायकांसाठी एक कपडा आला. त्याचं नाव 'फ्रीडम-ऑल', म्हणजे मोकळीक देणारा असं समजा. वरून लांब कुडत्यासारखा आणि खाली घोळदार विजार, असं एकत्र शिवलेलं. घरातलं काम करता यावं आणि हिंडता-फिरताही यावं म्हणून. चित्र पाहिलं तेव्हा आमच्या गटातल्या एकीनं सरळ म्हटलं, अहो, हा तर सलवार-कमीज! तिचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. आपल्या देशात पंजाबातल्या बाया पिढ्यान् पिढ्या जे घालून शेतात राबत होत्या, ते तिथे नवलाईचं म्हणून दुकानात आलं. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं, पुरुष लढाईवर गेले होते आणि बायका त्यांच्या जागी कामाला लागल्या होत्या. बायकांचे कपडे बदलतात ते बहुतेक अशाच वेळी. मोकळं हिंडायची परवानगी कुणी देत नाही, गरज देते.

खरी जीन बायकांसाठी आली १९३४ मध्ये. नाव 'लेडी लिव्हाइस'. पहिल्या पुरुषी पँटीला ६१ वर्षं झाल्यावर! कारणही ऐका. अमेरिकेच्या पश्चिमेकडे गुराख्यांची मोठी कुरणं होती. मंदीच्या काळात त्यांतली कित्येक शहरातल्या पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवत होती, आज आपल्याकडे कृषी पर्यटन चालतं तसं. शहरातल्या श्रीमंत बायका तिथे घोड्यावर बसायला यायच्या. आणि त्या कुरणांवर राबणाऱ्या घरच्या बायका तर आधीपासूनच नवऱ्याच्या, भावाच्या जुन्या जीन कमरेला आवळून घालत होत्या. कंपनीनं ते पाहिलं. कमरेला निमुळती, वर चढणारी, आधीच आटवून घेतलेल्या कापडाची पँट काढली. पुरुषांच्या पँटीचं कापड धुतल्यावर आटायचं, बायकांसाठी मात्र आटवलेलं वापरलं. पुढच्याच वर्षी श्रीमंतांच्या फॅशनच्या मासिकात तिचा फोटो आला. कामकरी बाई जे लाजत घालत होती ते श्रीमंत बाईनं घातल्यावर फॅशन झालं. असं आपल्याकडेही होतं. इरकली आणि खण आधी 'गावठी' होते, मग शहरात हजारांना विकले गेले, आणि मग आपल्याच मुली ते मागायला लागल्या.

पण मासिकात फोटो आला म्हणून रस्ता मोकळा झाला असं समजू नका. १९३८ मध्ये लॉस एंजेलिस शहरात बालवाडीच्या एका शिक्षिकेला चोरीच्या खटल्यात साक्ष द्यायला कोर्टात बोलावलं होतं. ती पँट घालून गेली. न्यायाधीशानं सांगितलं, बाईच्या कपड्यात या. ती पुन्हा पँटीतच गेली. शेवटी त्यानं कोर्टाचा अवमान केला म्हणून तिला ५ दिवसांची शिक्षा सुनावली. तिची पँट जीन नव्हती, साधी कापडी होती. चोराचा खटला राहिला बाजूला आणि साक्षीदारीणच आत! वरच्या कोर्टानं नंतर ती शिक्षा रद्द केली. तेव्हा 'बाहेरच्या देशात बायकांना सगळं आयतं मिळालं' असं कुणी म्हणत असेल, त्याला ही गोष्ट सांगावी.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. लाखो बायका विमानं, जहाजं, बंदुका बनवायच्या कारखान्यांत गेल्या. मशीनमध्ये झगा अडकतो, म्हणून पँट आली. दोऱ्याची इतकी टंचाई होती की या कंपनीच्या मागच्या खिशावरची कमानीसारखी दुहेरी शिलाई बंद करून ती रंगानं काढली जाऊ लागली. युद्ध संपलं, पुरुष परतले, बायकांना घरी पाठवलं गेलं. पँट मात्र पूर्णपणे परत गेली नाही.

त्यानंतरची चाळीसेक वर्षं आम्ही भरभर सांगतो. सिनेमात पोरांनी घातली, मग आंदोलनात, मग कॉलेजात मुला-मुलींनी सारखीच घातली. गंमत अशी की कंपनीची जी सगळ्यात नावाजलेली पँट, जिला १८९० पासून ५०१ हा नंबर आहे, ती पुरुषांची. मुली ती पुरुषांच्या गठ्ठ्यातून घ्यायच्या आणि स्वतः कमर आत घ्यायच्या. बायकांच्या मापाची ५०१ कंपनीनं काढली १९८१ मध्ये. ती मुली घालतच होत्या, कंपनी नंतर आली.

आता खिशाकडे वळू, कारण आमच्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. पहिल्या पँटीला चार खिसे होते. पुढे दोन, मागे एक, आणि पुढच्या उजव्या खिशात एक चिमुकला, साखळीच्या घड्याळासाठी. मागचा दुसरा खिसा १९०१ मध्ये आला. पुरुषाच्या हातात हत्यार, खिळे, पैसे, घड्याळ असतं, ते ठेवायला जागा हवी, हे कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. मागच्या खिशाच्या रिव्हेटनी खुर्च्या आणि खोगिरं ओरखडतात अशी तक्रार आली, तर १९३७ मध्ये कंपनीनं ते रिव्हेट कापडाखाली झाकले. लाकडाच्या खुर्चीचीसुद्धा दखल घेतली गेली.

आणि बायकांच्या खिशांचं काय झालं? २०१८ मध्ये अमेरिकेत दोघींनी २० नामांकित कंपन्यांच्या ८० जीन आणल्या, बायकांच्या आणि पुरुषांच्या, एकाच कमरेच्या मापाच्या, आणि टेप घेऊन खिसे मोजत बसल्या. बायकांचा पुढचा खिसा पुरुषांच्या खिशापेक्षा सरासरी ४८ टक्के कमी खोल आणि साडेसहा टक्के अरुंद निघाला. म्हणजे खोली जवळजवळ निम्मी. बायकांच्या दहा खिशांपैकी एकातच बाईचा हात नीट आत जात होता. किंमत तेवढीच, कमर तेवढीच, शिलाई तेवढीच. कापड वाचवलं ते खिशातलं. काही पँटींना तर खिशाची नुसती शिलाई असते, आत काही नाही. चित्रातली भाकरी.

कंपन्या म्हणतात, खोल खिशानं मांडीवर फुगीर दिसतं, बाईला ते आवडत नाही. असेल. पण मग त्याच बाईला त्याच दुकानात पर्स विकतात हेही विसरायला नको.

आपण स्वतःकडे पाहू. आपल्या आजीच्या नऊवारीला खिसा नव्हता, पण ओचा होता. पैसे कनवटीला, तपकिरीची डबी ओच्यात, किल्ल्या कमरेला. पाचवारी आली, ओचा गेला. मग पैसे रुमालाच्या पुरचुंडीत बांधून चोळीत. पंजाबी ड्रेस आला, त्यालाही खिसा नाही. गाऊन घरात राहिला, त्याला मात्र कुणीतरी भल्या शिंप्यानं एक खिसा दिला. आज बचत गटाचे हप्ते, बँकेचं पासबुक, मोबाइल, औषधाची चिठ्ठी हे सगळं बाईकडे आहे, आणि ठेवायला जागा हातातल्या पिशवीत. पिशवी टेम्पोत राहते, बांधावर राहते, नवऱ्याच्या गाडीला अडकवलेली राहते. अंगावरचा पैसा बाईचा असतो, पिशवीतला घरातल्या सगळ्यांचा. हे आम्ही कुठे वाचलेलं नाही, आमच्या गटात पाहिलेलं आहे.

जीनबद्दल बोलतोय तर आणखी एक सांगायला हवं. नवीन पँट जुनी दिसावी म्हणून तिच्यावर जोरानं वाळू मारायची एक पद्धत होती. तुर्कस्तानात त्या कारखान्यांतल्या तरुण पोरांच्या फुप्फुसांत ती धूळ बसली आणि कितीतरी जण दगावले. २००९ मध्ये त्या देशानं ही पद्धत बंद केली, २०१० मध्ये लिव्हाइसनंही आपल्या मालासाठी ती थांबवत असल्याचं जाहीर केलं. आणि लांब कशाला? आपल्या उल्हासनगरच्या जीन सगळ्या महाराष्ट्राच्या आठवडी बाजारात येतात, तिथल्या धुलाईचं निळं पाणी वालधुनी नदीत जायचं म्हणून केवढी आंदोलनं झाली. यवतमाळला डेनिमची गिरणी आहे, विदर्भात कापूस आहे. तेव्हा पँट हातात घ्याल तेव्हा ती फक्त परदेशी आहे असं समजू नका.

लेकीनं जीन घालावी का, यावर आमच्या गटात एकमत नाही, आणि ते व्हायलाच हवं असंही नाही. पण दुकानात गेल्यावर तिला आरशासमोर उभं करण्याआधी खिशात हात घालायला सांगा. मनगटापर्यंत गेला पाहिजे. नाही गेला तर पुरुषांच्या गठ्ठ्यातली मागा, कमर आपण घरी आत घेऊ शकतो.

आणि पंजाबी ड्रेस शिवायला टाकाल तेव्हा कापड अर्धा मीटर जास्त द्या आणि खिसा मागा. शिवण क्लासच्या मुलींसाठी माप सांगतो. कमीजच्या उजव्या बाजूच्या शिलाईत, कमरेच्या खाली पण बाजूचा कट सुरू होण्याच्या वर, साडेसहा इंचांचं तोंड ठेवायचं. आतली पिशवी दहा इंच लांब, मांजरपाटाची, कारण पॉपलीन मोबाइलच्या वजनानं लवकर विरतं. कट फार वर असेल तर तो दोन-तीन इंच खाली घ्यायला सांगा. शिंपी कुरकुर करेल, म्हणेल बायकांच्या ड्रेसला कुणी मागत नाही. त्याला रीनोच्या त्या बाईची गोष्ट सांगा आणि पैसे आगाऊ द्या. खिशाच्या तोंडाच्या दोन्ही टोकांना मशीन तीन-चार वेळा उलटसुलट फिरवून घ्या. फाटतं ते तिथूनच. डेव्हिसनं तिथे तांबं ठोकलं होतं, आपल्याला दोरा पुरेल.